शेळ्या गाभडल्या, मांजर घरात होतं आणि रिपोर्टवर लाल अक्षरं

पत्र:

ताई नमस्कार, माझं वय २५, सासर माण तालुक्यात, लग्नाला अडीच वर्षं झाली. जूनमध्ये पहिल्यांदाच दिवस राहिले. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तर बाळाचे ठोके नव्हते, वाढ सातव्या आठवड्यालाच थांबली म्हणाले. गोळ्या देऊन खाली केलं. पंधरा दिवसांनी टॉर्च टेस्ट करायला लावली, त्यात टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह १४८ आलंय, लाल अक्षरात. रुबेला आणि सीएमव्ही पण आयजीजी पॉझिटिव्ह. आयजीएम सगळे निगेटिव्ह. लॅबमधला मुलगा म्हणाला हा मांजराचा किडा असतो, यानेच बाळ जातं. डॉक्टरांनी स्पायरामायसिनच्या गोळ्या तीन महिने लिहून दिल्यात आणि परत टॉर्च करून आकडा खाली आल्याशिवाय चान्स घ्यायचा नाही म्हणाले.

आमच्याकडं मनी नावाची मांजर आहे, सासूबाई रोज म्हणतात पोत्यात घालून लांब सोडून या. अजून एक, हे कुणाला सांगितलेलं नाही. मला सहावा आठवडा होता तेव्हा आमच्या दोन शेळ्या आठवड्याभरात गाभडल्या. घरात कुणी नव्हतं, मीच जार आणि मेलेली करडं हाताने उचलून पुरली. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. चुलत सासूबाई म्हणतात पोटात जंत असतील, औषध द्या. मिस्टर मुंबईला कामाला आहेत, ते म्हणतात तिकडंच चल, शेळ्या-मांजराची कटकटच नको. माझ्यामुळं गेलं का बाळ? हा किडा आता जन्मभर अंगात राहणार का? पुढचं पण असंच होईल का?

— एक वाचक

उत्तर:

अगं, शेळ्यांचं तू पत्राच्या मध्यात "अजून एक" म्हणून टाकलंयस, पण सगळं पत्र त्या एका गोष्टीसाठीच लिहिलंयस हे मला कळलं. म्हणून तिथूनच सुरू करते. नाही, त्या दिवशी जार उचलला म्हणून तुला टॉक्सो झाला आणि टॉक्सोने बाळ गेलं, असं झालेलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, तुझ्याच रिपोर्टवर ते लिहिलंय, फक्त लाल अक्षरात न लिहिल्यामुळं कुणी वाचलं नाही.

बघ, कुठलाही संसर्ग नवीन झाला की शरीर दोन प्रकारची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. आयजीएम पहिलं धावून येतं, टॉक्सोमध्ये साधारण आठवड्याभरात रक्तात दिसायला लागतं आणि मग महिनोन्महिने, काही जणींत वर्षभराच्या वरही रेंगाळत बसतं. आयजीजी मागून येतं पण एकदा आलं की जन्मभर राहतं. आता तुझे आठवडे मोज. शेळ्या गाभडल्या तेव्हा सहावा आठवडा, सोनोग्राफी नवव्याला, त्यानंतर पंधरा दिवसांनी रक्त दिलंस, म्हणजे मध्ये पाच आठवडे गेले. त्या जारातून तुला नव्याने लागण झाली असती तर पाच आठवड्यांनी आयजीएम ठणठणीत पॉझिटिव्ह यायला हवं होतं. ते निगेटिव्ह आहे. म्हणजे हा संसर्ग तुला आधीच कधीतरी होऊन गेलाय, गरोदर राहण्याच्या आधी, बहुतेक लग्नाच्याही आधी, कदाचित शाळेत असताना एखाद्या आठवड्यात अंगात कणकण आली असेल आणि आईने काढा दिला असेल, तेव्हा. बहुतेकांना तर तेवढंही कळत नाही.

तुझ्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल ना? तो बघून कुणी म्हणतं का की या पोरीला जखम झालीये, मलमपट्टी करा? आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तसाच व्रण. १४८ हा आकडाही तसाच, व्रण जरा मोठा का जरा बारका एवढंच, त्यावरून लागण कालची का दहा वर्षांपूर्वीची हे कळत नाही, आणि तो खाली आणायचा म्हणजे काय करायचं हे मला तरी तीस वर्षांत समजलेलं नाही. तो खाली येईपर्यंत थांबायचं म्हटलंस तर बाई तू पन्नाशीला पोचशील.

उलट खरं सांगू का, टॉक्सोच्या बाबतीत तू आत्ता ज्या बाईचं आयजीजी निगेटिव्ह आहे तिच्यापेक्षा जास्त सुरक्षित आहेस. धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा लागण झाली तर. तेव्हा तो जीव, किडा नाही गं तो, एकपेशीय परजीवी, डोळ्याला दिसणारा नाही, तर तो आईच्या रक्तातून वारेपर्यंत पोचतो आणि तिथून बाळाकडं. पहिल्या तीन महिन्यांत अशी नवी लागण झाली तर बाळापर्यंत पोचण्याचं प्रमाण कमी असतं, शंभरात दहा-पंधरा, पण पोचला तर नुकसान मोठं, गर्भ जाऊ शकतो किंवा बाळाच्या मेंदूला-डोळ्याला इजा होऊ शकते. शेवटच्या तीन महिन्यांत पोचतो जास्त वेळा पण त्रास कमी करतो. म्हणजे "टॉक्सोने बाळ जातं" हे वाक्य खोटं नाहीये, लॅबमधला पोरगा अर्धं बरोबर बोलला. पण जिच्या अंगात आधीच प्रतिपिंडं आहेत, जिची प्रतिकारशक्ती धड आहे, तिच्या बाळाला त्या पोटातल्या लढाईत आईचंच कवच असतं. जन्मभर राहणार का, हो, त्या परजीवीच्या काही गाठी स्नायूंत नाहीतर मेंदूत झोपून राहतात, जगात साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या माणसांत राहतात, आपल्या देशात चार-पाच बायकांमागे एकीत. त्यांना उठवायचं काम एचआयव्ही वाढलेला असणं किंवा किडनी बदलल्यावरच्या जड गोळ्या असल्या गोष्टी करतात. तुझं तसं काही नाही.

मेंढ्यांचं एक सांगते, तुला पटेल कारण तू त्यातली आहेस (आणि तुझी तुलना मेंढीशी करते असं समजू नकोस, रागावशील). मेंढ्यांच्या गाभडण्यामागे हा टॉक्सोप्लाझ्मा असतो हे १९५० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ध्यानात आलं, तिथं कळपच्या कळप गाभडत होते. आणि जी मेंढी टॉक्सोने एकदा गाभडली ती त्याच कारणाने सहसा पुन्हा गाभडत नाही, तिच्यात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. म्हणून तिकडचे जाणते मेंढपाळ तिला विकत नाहीत, ठेवून घेतात. पुढं त्यावरूनच मेंढ्यांसाठी लसही निघाली. तेव्हा "हिच्या अंगात किडा आहे, हिचं काही खरं नाही" असं कुणी घरात म्हणत असेल तर ते मेंढपाळाच्या हिशेबानंसुद्धा चुकीचं आहे.

आता टॉर्चबद्दल, आणि इथं मी स्वतःचंही कबूल करते. टॉर्च हे नाव १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास नावाच्या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी दिलं, आईकडून पोटातल्या बाळाला होणाऱ्या संसर्गांची आद्याक्षरं जुळवून, आणि विचार होता तो जन्मलेल्या आजारी बाळांचा. ज्या बाळाचं डोकं लहान, यकृत सुजलेलं, डोळ्यात दोष, त्याला यातलं काही झालंय का हे बघायला. ते आपल्याकडं येईपर्यंत बाईचा गर्भ पडला की करायची टेस्ट झालं. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या काळात मीही प्रत्येकीला लिहून द्यायचे, का तर सगळे लिहायचे, आणि समोरची बाई रडत असते तिला काहीतरी कारण हवं असतं, आपल्यालाही हातात काहीतरी कागद हवा असतो. मग रिपोर्ट यायचा, काही ना काही पॉझिटिव्ह असायचंच, कारण आपल्या देशात सीएमव्ही या विषाणूचं आयजीजी निगेटिव्ह असलेली बाई सापडणं कठीण, आणि मग आम्ही त्या पॉझिटिव्हवर इलाज करायचो. पुढच्या खेपेला बाळ नीट झालं की औषधाचा गुण आला म्हणायचं. बाळ तसंही होणारच होतं. एका बाईकडं मी टॉर्चचे सात रिपोर्ट बघितलेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेले, सातही रिपोर्टचा अर्थ एकच. इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ मध्ये स्पष्ट लिहिलं की वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांतसुद्धा ही तपासणी सरसकट करणं बंद करावं. तुझा तर एकच झालाय.

रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे चक्क चांगली बातमी आहे, निगेटिव्ह असतं तर मी तुला लस घ्यायला लावून महिनाभर थांबवलं असतं.

स्पायरामायसिनचं माझं मत विचारशील तर तुला त्याची गरज नाही. ते औषध वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. गरोदर बाईला नवी लागण झाल्याचं पक्कं झालं तर परजीवी वारेतून बाळाकडं जाऊ नये म्हणून ते देतात. तुझ्या पोटात आत्ता बाळ नाही, लागण नवी नाही आणि स्नायूतल्या झोपलेल्या गाठी त्याने मरतही नाहीत. मग तीन महिने कशाचं रक्षण करायचं? पण असं वाचून गोळ्या उकिरड्यावर टाकू नकोस, ज्यांनी लिहून दिल्यात त्यांच्याकडं जा, शांतपणे विचार की "आयजीएम निगेटिव्ह आहे तर मग ही जुनी लागण ना, मग गोळ्या कशासाठी?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं असतं तरी लगेच घाबरायचं नसतं हेही इथं सांगून ठेवते, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. आयजीएम खोटं पॉझिटिव्ह बऱ्याचदा येतं, त्यावेळी आयजीजी अ‍ॅव्हिडिटी नावाची तपासणी करतात, ती हाय आली की लागण किमान तीन-चार महिने जुनी. नुसत्या आयजीएमवर मूल पाडायचा सल्ला दिलेल्या बायका मी बघितल्यात, त्यांचं काय झालं ते इथं लिहीत नाही.

मग बाळ का गेलं. तुझ्या बाळाचं नेमकं कारण आता कुणालाच सांगता येणार नाही कारण त्या पेशींची तपासणी झालेली नाही, आणि पहिल्याच वेळी ती करतही नाहीत. पण कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस पहिल्या तीन महिन्यांत अशी थांबतात आणि त्यातल्या निम्म्या किंवा जास्त ठिकाणी बीज जुळताना गुणसूत्रांची गडबड झालेली असते, एखादं जास्त, एखादं कमी. ते ठरतं पहिल्याच दिवशी, तुझी पाळी चुकायच्याही आधी. सातव्या आठवड्याला वाढ थांबणं हे अगदी त्याच चालीचं आहे. म्हणजे तू जार उचललास तेव्हा, बहुतेक करून, जे व्हायचं ते आधीच ठरून गेलेलं होतं. त्यात तू पायऱ्या चढलीस, भारा उचललास, पपई खाल्लीस, शेळी ओढलीस, यातलं काहीच मोजायचं नाही.

आता मनी. लागण तुला कुठून झाली असेल म्हणशील तर मांजराचं नाव आधी येतं कारण हा परजीवी आपली पुढची पिढी मांजराच्याच आतड्यात तयार करतो, हे साधारण १९७० च्या सुमारास सिद्ध झालं, आणि त्या शोधात आपल्याकडंच जन्मलेले पशुवैद्यक जे. पी. दुबे यांचाही हात होता. पण मांजर ती अंडी बाहेर टाकतं कधी, तर तिला पहिल्यांदा लागण होते तेव्हा, एक ते तीन आठवडे, बहुतेक मांजरांत आयुष्यात एकदाच. आणि ताजी शी लागट नसते, ती एक ते पाच दिवसांनी लागट होते. मोठी झालेली, वर्षानुवर्षं उंदीर खाल्लेली मनी ते सगळं कधीच उरकून बसलीये. मांजर मांडीवर घेऊन, कुरवाळून टॉक्सो होत नाही. युरोपातल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००० मध्ये छापून आला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला कच्च्या-अर्धकच्च्या मांसाचा, मग मातीचा, आणि घरात मांजर असण्याचा संबंधच सापडला नाही.

आपल्याकडं मटण रटरटून शिजवतात म्हणून त्यातून भीती कमी, पण बोकड कापल्यावर निखाऱ्यावर जराशी भाजलेली कलेजी पोरं-पोरी तिथंच उभी राहून खातात ना, ती आतून लालच असते. कच्चं मटण चिरलेल्या विळीवर तशीच कोथिंबीर चिरणं. रानातला मुळा उपटला, पदराला पुसला आणि खाल्ला. खुरपून आल्यावर हात न धुता भाकरी. मांजर गावाकडं ट्रेमध्ये थोडंच बसतं, ती मेथीच्या वाफ्यातच माती उकरते, आणि त्या मातीत ती अंडी ओलाव्यात वर्षभरही टिकतात. पाण्यातूनही होतं, २००४-०५ मध्ये कोइम्बतूरला टॉक्सोने डोळे बिघडलेल्या लोकांची अशी रांग लागली की शहराच्या पाण्यावर संशय गेला. तुझं लहानपण या सगळ्यात गेलंय, माझंही गेलंय, माझंही आयजीजी पॉझिटिव्ह आहे आणि मला दोन पोरं आहेत. तेव्हा सासूबाईंना सांग मनी कुठंही जाणार नाही. ती गेली तर उंदीर येतील आणि माणच्या धान्याच्या कणगीला उंदीर परवडत नाहीत, हा मुद्दा त्यांना टॉक्सोपेक्षा लवकर पटेल.

पण शेळ्या, त्यांचा विषय मी संपवलेला नाहीये. तुला टॉक्सो शेळ्यांपासून झाला नाही म्हणजे गाभडलेल्या शेळीला उघड्या हाताने शिवणं ठीक आहे असं अजिबात नाही. एकापाठोपाठ दोन शेळ्या गाभडतात तेव्हा त्यामागे काहीतरी असतं. टॉक्सो असू शकतो, पण ब्रुसेला असू शकतो, क्लॅमायडिया असू शकतो, क्यू फीवर असू शकतो, हे शेवटचे तीन जिवाणूंचे, परजीवींचे नाहीत, पण ते जिवाणू जारात आणि त्या पाण्यात ठासून भरलेले असतात आणि माणसाला लागतात. ब्रिटनमध्ये मेंढ्या विण्याच्या हंगामात दरवर्षी सरकारी आरोग्य खातं गरोदर बायकांना बजावतं की मेंढ्यांच्या जवळ जाऊ नका. आपल्याकडं असं कुणी बजावत नाही, उलट शेळी अडली की घरातली सूनच पुढं, कारण तिचे हात बारीक. म्हणून मी टॉर्च परत करण्यापेक्षा एकदा ब्रुसेलाची रक्ततपासणी करायला सांगेन, डॉक्टरांना शेळ्यांचा प्रसंग स्पष्ट सांगून. बाळ त्याने गेलं असं मी म्हणत नाहीये, तू तापाचं काही लिहिलेलं नाहीस. पण येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर-सांधे धरणं असं काही या दोन-तीन महिन्यांत झालं असेल तर नक्कीच कर, आणि नसेल झालं तरी करून टाक, पॉझिटिव्ह आलं आणि आजार पक्का झाला तर साधारण सहा आठवड्यांच्या गोळ्या असतात आणि त्या दिवस राहायच्या आधी उरकलेल्या बऱ्या, कारण त्यातलं एक औषध गरोदरपणात देत नाहीत.

आणि हे शेळ्यांचं घरात सांगून टाक. यात लपवण्यासारखं तू काही केलेलं नाहीस, घरात कुणी नव्हतं म्हणून घरचं काम केलंस. सांगितलंस तर निदान गुरांचा डॉक्टर येईल. सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यकांना सांगा की दोन गाभडल्या, ते शेळ्यांचं रक्त घेतील, पुढच्या वेळी गाभडली तर नमुना कसा ठेवायचा ते सांगतील, पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे तिथं हे नमुने तपासतात. गाभडलेली शेळी बाकीच्यांपासून वेगळी बांधा. जार आणि करडू हातमोजे घालून, तेही नसले तर हाताला जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, तोंडाला फडकं लावून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कुत्र्या-मांजराला खाऊ द्यायचं नाही, मनीलाही नाही. आणि तुला दिवस राहिले की हे काम तुझं नाही, वितानाही नाही आणि गाभडतानाही नाही, मग ती कितीही लाडकी शेळी असो. शेळीचं धारोष्ण दूध कुणी पौष्टिक म्हणून देईल, ते उकळूनच प्यायचं.

चुलत सासूबाईंचे जंत. आतड्यातले जंत गर्भाला जाऊन खात नाहीत. पण आकडीकृमी म्हणून जो असतो, अनवाणी रानात फिरल्यावर पायातून शिरणारा, तो रोज थोडं थोडं रक्त पितो आणि बाईचं हिमोग्लोबिन सात-आठवर आणून ठेवतो, तो त्रास खरा आहे. त्यामुळं त्यांचं औषध चुकीचं नाही, कारण चुकीचं आहे. आत्ता पाळी येऊन गेलीये ना, मग अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी आत्ताच चावून घेऊन टाक. पाळी चुकल्यावर पहिले तीन महिने ती घ्यायची नाही, नंतर चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातच देतात. आणि रानात चप्पल घाल.

आता मिस्टरांचं मुंबईला घेऊन जाणं. जा की, खुशाल जा, नवराबायको एकत्र राहिलेले बरेच, पण परजीवीपासून सुटका म्हणून जात असशील तर हसू येतं, कारण ज्या परजीवीने खरोखर कोवळे गर्भ पडतात तो मुंबईतच भेटेल. मलेरिया. राज्यात मलेरिया म्हटलं की गडचिरोली आणि मुंबई ही दोन नावं येतातच, एकीकडं जंगल आणि दुसरीकडं बांधकामाच्या साइटवर साचलेलं पाणी, उघड्या टाक्या. थायलंड-म्यानमारच्या सरहद्दीवरच्या दवाखान्यांतल्या गरोदर बायकांच्या पंचवीसेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये लिहिलं गेलं की पहिल्या तीन महिन्यांत एकदा मलेरिया झाला, अगदी ताप न येता रक्तात नुसता सापडला, तरी गर्भपाताची शक्यता साधारण तिपटीच्या घरात जाते. टॉक्सोचं नाव सगळ्यांना पाठ आणि याचं कुणी घेत नाही, हे मला कधी कळलेलं नाही. तेव्हा तिकडं गेलीस तर मच्छरदाणी घेऊन जा, खोलीबाहेरचा पिंप झाकून ठेव, आणि पाळी चुकलेली असताना थंडी वाजून ताप आला तर "गरोदर आहे, औषध नको" म्हणून अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. औषध बाळाला बाधेल ही भीती खूप जणींना असते. पण व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाला क्लोरोक्विन गरोदरपणात चालतं, फाल्सिपॅरम जातीच्या मलेरियासाठी आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन पहिल्या तीन महिन्यांतही द्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून हो म्हटलंय, फक्त प्रायमाक्विन तेवढं गरोदरपणात देत नाहीत. म्हणून डॉक्टरला पाळी चुकल्याचं पहिल्या वाक्यातच सांगायचं.

पुढचं असंच होईल का, याला माझं उत्तर बहुतेक नाही. एकदा असं झालेल्या बहुतेक जणींचं पुढचं बाळंतपण सरळ होतं. एक-दोन पाळ्या नीट येऊ दे, मनाला वाटलं की चान्स घे, आकड्याची वाट बघू नकोस. आत्तापासूनच फोलिक अ‍ॅसिडची रोज एक गोळी सुरू कर, आशाताईंकडं मिळते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एवढं बघून घे, टॉर्चपेक्षा स्वस्तात होतं. मिस्टर तंबाखू खात असतील तर या निमित्ताने सोडवता आली तर बघ, मला फार आशा नाहीये. पुन्हा असंच झालं, होऊ नये, पण झालं तर मात्र नीट शोध घ्यायचा, गर्भाशयाची सोनोग्राफी, रक्त गोठण्याशी संबंधित एक-दोन अँटीबॉडी, दोघांची गुणसूत्रं, तेव्हाही टॉर्च नाही. आणि गोळ्यांनी खाली झाल्यावर अजून अंगावर वास येणारं जात असेल, ताप असेल, पोट दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी दवाखान्यात जा.

हा कागद मिस्टरांना वाचायला दे, फोनवर समजावत बसू नकोस, फोनवर असल्या गोष्टी भांडणाकडं जातात.

आणि तुझ्या फाईलमध्ये ब्लड ग्रुप लिहिलेला असेल, तो बघ. निगेटिव्ह असेल आणि मिस्टरांचा पॉझिटिव्ह, तर खाली झाल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन (रक्तगट न जुळल्याचा त्रास पुढच्या बाळाला होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का ते दवाखान्यात विचार, आणि मला कळव.